काकांचा पाय

गेल्या वर्षी पालक दिनाला काका शाळेत आले होते. सहा वर्षांपूर्वी मळणी यंत्रात सापडून त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हापासून ते कुबड्यांवर चालतात. मित्राने विचारले, "हे कोण?" मी म्हणालो, "आमच्या गावाकडचे आहेत." काकांनी ते ऐकले. ते काही बोलले नाहीत. फक्त लाडवांचा डबा पुढे केला.

ती गोष्ट मनातून जाईना. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सरांनी वर्गात केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेची माहिती दिली. ही योजना १९८१ पासून चालू आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल आणि उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल, तर कृत्रिम पाय, तीनचाकी सायकल, श्रवणयंत्र अशी साधने मिळतात.

घरी गेल्यावर मी काकांना हे सांगितले. ते म्हणाले, "कागदांच्या मागे कोण लागणार, बाळा?"

"मी लागतो," मी म्हणालो.

दिव्यांग ओळखपत्राचा ऑनलाइन अर्ज भरला. जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणला. मग मोजमाप शिबिराला गेलो. मला वाटले होते, बूट मिळतो तसा पाय तिथेच मिळेल. पण तंत्रज्ञांनी आधी प्लास्टर लावून काकांच्या पायाचे माप घेतले. प्रत्येकाचा पाय वेगळा, म्हणून तो बसतो ती वाटीही प्रत्येकाची वेगळी घडवावी लागते. अशी साधने बनवणारी 'एलिम्को' ही सरकारी कंपनी १९७२ साली कानपूरला स्थापन झाली.

यंदाच्या पालक दिनापर्यंत पाय मिळाला नव्हता. काका कुबड्यांवरच आले. मी गेटपर्यंत धावत गेलो आणि सगळ्या मित्रांना सांगितले, "हे माझे काका!"

दिवाळीच्या सुट्टीत पाय बसवला. पहिल्या दिवशी दहा पावलांतच काका घामाघूम झाले. जखम होऊ नये म्हणून तो रोज थोडा थोडा वेळच घालायचा होता. मी अंगणात उभा राहून ड्रिलसारखा "बायें, दाहिने" असा ठेका धरला. काका हसून म्हणाले, "उस्ताद, जरा हळू!"

मित्रांनो, तुमच्याही गावात असे कोणीतरी कागदांपाशी अडलेले असेल. सुट्टीत घरी गेलात की त्यांच्याकडे जा आणि विचारा, "ओळखपत्र काढले का?" नसेल काढले, तर सोबत बसून अर्ज भरा.