फॉर्मवर काय लिहू?

सिग्नलला मागून कुणी ठोकलं, पार्किंगमधल्या खांबाला दार घासलं, की दुसऱ्या दिवशी फोन येतो. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. नुकसान किती झालं आणि पॉलिसीनुसार किती रक्कम बसते, याचा अहवाल देणं हे माझं काम. पण गाडी दाखवण्याआधीच लोक विचारतात, ‘‘साहेब, फॉर्मवर काय लिहू?’’

घडलं तेच लिहा. चूक आपली असेल तर क्लेम मिळत नाही, असा पक्का समज आहे. म्हणून ‘उभ्या गाडीला अज्ञात वाहनाने धडक दिली’ हे वाक्य फॉर्मवर पुन्हापुन्हा दिसतं. हा समज मला मनापासून खोडून काढायचा आहे. पॉलिसीत ‘ओन डॅमेज’ असेल, तर आपल्याच हातून खांबावर गेलेली गाडीही तिच्यात बसते; लायसन्स वैध हवं आणि चालक प्यायलेला नको. नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीसाठी काही मिळत नाही, मग गोष्ट कशीही रचा. उलट खोट्या माहितीमुळे सरळ मंजूर होणारा क्लेम अडकतो.

आणि पत्रा लपवत नाही. दारावरच्या ओरखड्याची मी आधी जमिनीपासूनची उंची मोजतो, मग टॉर्च तिरका धरून खाच बघतो. दुसऱ्या गाडीने घासलं असेल तर बहुतेकदा तिचा रंग चिकटलेला असतो. भिंत असेल तर चुना, सिमेंटची भुकटी. पत्रा कुठल्या दिशेला ढकलला गेलाय, त्यावरून गाडी पुढे जात होती की रिव्हर्स येत होती, याचाही अंदाज येतो. खाचेत चुना सापडला, की अज्ञात वाहन तिथेच संपतं.

म्हणून सर्व्हेआधी गाडी धुऊ नका. कुणाला लागलं नसेल, तर हॅझर्ड लाइट लावून गाड्या आहेत तिथेच असताना फोटो काढा: रस्ता दिसेल असे लांबून, नंबरप्लेटसह जवळून. मग गाड्या बाजूला घ्या. कुणाला लागलं असेल तर फोटो राहू देत. आधी उपचार, मग पोलीस. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे ही चालकाची जबाबदारीच आहे.

समोरच्याचा फोन नंबर आणि विमा कंपनीचं नाव घ्या, आपलं द्या. ‘भरून देतो’ असा शब्द देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय असं वचन देता येत नाही, ही पॉलिसीतलीच अट आहे.

निघण्याआधी वाकून गाडीखाली बघा. हल्लीचा प्लास्टिकचा बंपर दबून पुन्हा जागेवर येतो, पण मागचा रेडिएटर फुटलेला असू शकतो. हिरवं किंवा गुलाबी पाणी ठिबकत असेल, तर इंजिन चालू करू नका, टोइंग मागवा. तशीच दामटून इंजिन गेलं, तर ते वाढीव नुकसान तुमच्या खिशातून. चांगल्या माणसांना लाखाचा खर्च करताना बघितलंय, फार वाईट वाटतं.

क्लेम करायचाच का, हे मात्र कागदावर मांडून ठरवा. समजा नूतनीकरणाचा ओन डॅमेज प्रीमियम 12,000 रुपये आहे आणि 50 टक्के नो क्लेम बोनसमुळे तुम्ही 6,000 भरता. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, त्यानंतरच्या वर्षी 20 टक्के. दोन वर्षांत 9,600 रुपये गेले. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये आधीच वजा होतात आणि झिरो डेप नसेल तर प्लास्टिकच्या भागाचे निम्मेच पैसे मिळतात. बंपरच्या पाच-सहा हजारांच्या रंगकामासाठी क्लेम करू नका, असं मी स्पष्ट सांगतो. दिवा, बॉनेट आणि रेडिएटर तिन्ही गेले असतील, तर त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि सर्व्हे होईपर्यंत गॅरेजवाल्याला एक बोल्टही खोलू देऊ नका.