फट, भेग आणि तडा

ईद जवळ आली की आपल्या घरांत साफसफाईला सुरुवात होते. पडदे धुतले जातात, पितळी भांडी घासली जातात आणि जमलं तर भिंतींना रंगाचा हात दिला जातो. मेहमान येणार, घर नीटनेटकं दिसावं, ही इच्छा रास्तच आहे. पण डहाणू-तलासरीत राहणाऱ्यांना रंगाच्या डब्याआधी आणखी एक काम असतं. ज्या भिंतीला रंग द्यायचा, ती भिंत आधी नीट वाचून घ्यावी लागते.

नोव्हेंबर २०१८ पासून आमच्या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीचं नाव त्या दिवसांत वर्तमानपत्रांत सतत दिसे. १ फेब्रुवारी २०१९ या एकाच दिवशी अनेक धक्के बसले. त्यातला सर्वांत मोठा ४.१ तीव्रतेचा होता. घराबाहेर धावण्याच्या धांदलीत एका चिमुकलीचा जीव गेला. लोक थंडीत तंबूंत झोपले. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने इथे यंत्रं बसवून अभ्यास केला. आकडे ऐकून बाहेरगावचे नातेवाईक म्हणत, “चारचाच तर आहे!” पण हे धक्के जमिनीखाली फार खोल नव्हते. त्यामुळे स्फोटासारखा आवाज यायचा आणि भांडी खणखणायची. असा धक्का पुन्हा पुन्हा बसला की घरांच्या भिंती थकतात.

आमचं घर विटांचं आणि कौलारू. घरात गॅस आहे, तरी मागच्या पडवीत विटांच्या ओट्यात बसवलेली लोखंडी निर्धूर चूल आहे. अंघोळीचं पाणी आणि दावतीची देग तिच्यावरच होते. चुलीचं लोखंड आणि विटा यांच्यामध्ये चारी बाजूंनी बोटभर फट होती, धुराड्याच्या पाइपाभोवतीही होती. धाकट्या जावेला ती फार खटकायची. “भाभी, ईदच्या आत पांढरं सिमेंट भरून वर टाइल्स लावून घेऊ. कसं स्वच्छ दिसेल!” ती म्हणाली. मलाही ते पटलं आणि आम्ही मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्री आले आणि त्यांनी सामान खालीही ठेवलं नाही. “बाई, ही फट ठेवलेली आहे, राहिलेली नाही,” ते म्हणाले. लोखंड तापलं की पसरतं. हे मी वर्गात मुलांना शिकवलेलं असतं, पण त्यांनी ते हातातल्या थापीने दाखवलं. एक मीटर लांबीचं लोखंड शंभर अंशांनी तापलं तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतं. ऐकायला ते काहीच वाटत नाही. पण दोन्हीकडून कडक सिमेंटने आवळलं तर लोखंड वाढायला जागा मागतं आणि सिमेंट किंवा वीट फुटते. म्हणून चुलीजवळची फट मऊ वस्तूने भरायची. आमच्याकडे चिकणमाती, भाताचा तूस आणि थोडी चाळलेली राख मळून लावली. दुकानात उष्णता सोसणारी दोरीही मिळते. बाथरूमला लावतात ते साधं सिलिकॉन इथे टिकत नाही, जळतं. पाइप छपरातून जातो तिथे पत्र्याची कॉलर बसवली. फट तशीच उघडीही ठेवायची नसते, कारण तिथून धूर घरात परततो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो.

पडवीतलं काम तेवढ्यात आटोपलं. पण मिस्त्रींची नजर चुलीमागच्या भिंतीवर गेली. त्या भिंतीच्या पलीकडे अम्मी झोपतात. खिडकीच्या कोपऱ्यातून एक रेघ तिरकी वर चढत होती. आत जाऊन पाहिलं, तर तीच रेघ अम्मींच्या पलंगाच्या डोक्याशी दिसली. गिलाव्यावर केसासारखी रेघ असेल तर ती भेग. ती लांबी भरून रंगवता येते. पण जी भिंतीच्या आरपार जाते, तो तडा. दार-खिडक्यांच्या कोपऱ्यांतच तो जास्त करून निघतो, कारण भिंत हलली की सगळा ताण तिथे येतो.

त्या रात्री घरात हिशेब झाला. बाजूला ठेवलेल्या पैशांत टाइल्स होणार होत्या किंवा भिंत होणार होती. अम्मी म्हणाल्या, “माझ्यासाठी मुलींची हौस कशाला मोडता?” जाऊबाई काही बोलली नाही. सकाळी तिनेच अम्मींचा पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवला आणि टाइल्सच्या दुकानात फोन करून ऑर्डर थांबवली.

मिस्त्रींनी तड्याच्या दोन्ही बाजूंचा गिलावा फोडला, सैल माल काढला आणि पाण्याने धुतलं. मग तड्यात पातळ सिमेंट भरून आत-बाहेर लोखंडी जाळी ठोकली आणि तिच्यावर गिलावा केला. आठवडाभर पाणी मारलं. ईदपर्यंत रंग सुकला नाही, भिंतीवर करडा पट्टा तसाच राहिला. मेहमानांनी विचारलं, तेव्हा जाऊबाईनेच सगळ्यांना तड्याचा किस्सा सांगितला. त्यांतल्या दोघींनी घरी जाऊन आपल्या खिडक्यांचे कोपरे पाहिले.

आमच्या आसपासच्या वारली पाड्यांवर कुडाची घरं आहेत. कारवीच्या काटक्यांवर शेण-मातीचं लिंपण केलेल्या त्या भिंती धक्क्यात हलतात, डोलतात. लिंपण गळलं तर बाया पुन्हा हात फिरवतात. विटांच्या घरांना आपण पक्कं म्हणतो, पण ज्या घराला दारांच्या वर आणि छपराखाली सलग काँक्रीटचा पट्टा नाही, त्याचा पक्केपणा धक्क्यात कमी पडतो. नवीन घर बांधणाऱ्यांनी या पट्ट्याची मागणी जरूर करावी.

भगिनींनो, रंगाआधी एक सोपं काम प्रत्येक घरात करता येतं. रेघेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. महिन्याभराने पाहा. रेघ खुणेपलीकडे गेली असेल, रुंद झाली असेल किंवा भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही दिसत असेल, तर लांबीचा डबा बाजूला ठेवा आणि जाणकाराला बोलवा. हे काम मुलांना द्या. माझ्या वर्गातल्या मुलांनी ते फार मन लावून केलं. आणि तोपर्यंत त्या भिंतीखाली कोणाचं अंथरूण असेल, तर ते आजच हलवा.