पाचांतले चार

मराठीत भंगार, हिंदीत कबाड. आमच्या भोपाळात तर कबाडखाना नावाची वस्तीच आहे. दोन भाषांत वाढणारी आमची मुले दोन्ही शब्द सहज वापरतात. पण ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्द घरी मराठीतूनच येतो. आमच्या लहानपणी त्या नावाखाली काड्यापेट्यांचे दिवाणखाने आणि फुटक्या बांगड्यांची तोरणे होत. आताची मुले बॅटऱ्या आणतात.

गेल्या विज्ञान प्रदर्शनाच्या वेळी नववीतल्या एका मुलाने ड्रिलची बाद झालेली बॅटरी माझ्या टेबलावर ठेवली. वडील सुतारकाम करतात. गिरमिटाची जागा आता बिनवायरच्या ड्रिलने घेतली आहे, आणि काही वर्षांनी तिची बॅटरी ‘बैठ जाती है’. नवीचा भाव ऐकून मिस्त्रीही बसतो! मुलगा म्हणाला, “सर, यातले सगळे सेल मेलेले नाहीत. दिवा करू?”

त्याचे म्हणणे बरोबर होते. १८ व्होल्टच्या अशा डबीत ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. माळेतला एक थकला की सारी माळ अडते, चार्जर लाल दिवा दाखवतो, आणि एकापायी धडधाकट चौघेही भंगारात जातात. नवा सेल साधारण ७ वॉट-तासांचा. निम्मी शक्ती उरली असे धरले, तरी चौघांत मिळून १४ वॉट-तास होतात. ३ वॉटचा एलईडी दिवा त्यावर चार तास जळेल. वीज गेलेल्या संध्याकाळी एका मुलाचा अभ्यास सहज होईल.

तरी मी लगेच होकार दिला नाही. लिथियमचा सेल जुन्या टॉर्चच्या सेलसारखा गरीब नव्हे. खिशातल्या किल्ल्यांनी त्याची दोन टोके जोडली गेली तरी तो तापतो, पेटूही शकतो. अखेर विज्ञानाच्या शिक्षकांशी बोलून अटी घातल्या. डबी शिक्षकांनीच उघडावी. फुगलेला, गंजलेला किंवा २.५ व्होल्टखाली उतरलेला सेल बाद करावा. उरलेले सारख्या व्होल्टेजवर आणूनच जोडावेत. सेलवर थेट डाग देऊ नये, मध्ये संरक्षक सर्किट असावे, आणि चार्जिंग कोणीतरी जागे असतानाच व्हावे.

आणखी एक अट भोपाळने सुचवली. जुन्या पिढीला सेल म्हणजे एव्हरेडी, आणि एव्हरेडी बनवणारी कंपनी म्हणजे युनियन कार्बाइड. तिचा इथला कारखाना मात्र कीटकनाशकांचा. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथून वायू सुटला, हे सारे जग जाणते. मागे राहिलेला कचरा मात्र चाळीस वर्षे तिथेच होता. त्यातला सुमारे ३३७ टन जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेऊन त्याच वर्षी जाळला. तिथल्या लोकांनी विरोध केला, तो का, हे भोपाळकरांना वेगळे सांगावे लागले नाही. वस्तू बनवणारा, विकणारा, वापरणारा सगळे सापडतात. तिच्या शेवटाला मात्र कोणी वाली नसतो.

२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, आणि त्या घरच्या कचऱ्यात न मिसळण्याची आपल्यावर. म्हणून शेवटची अट अशी होती की, बाद झालेला पाचवा सेल आणि पुढे कधीतरी दमणारे हे चौघे कुठे द्यायचे, ते शोधून दिव्यावर लिहायचे. वस्तूचे आयुष्य वाढवणे ही काटकसर झाली. पण जिचा शेवट आपण ठरवलेला नाही, ती वस्तू आपण वाचवली नाही, दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायला थोडा उशीर केला इतकेच.

मुलाने चिठ्ठी दोन्ही भाषांत लिहिली. प्रदर्शनात दिव्यापेक्षा तीच अधिक वाचली गेली. एका पालकांनी तर विचारले, “मास्साब, हमारे घर में भी ऐसी तीन पड़ी हैं, कहाँ दें?” मी चिठ्ठीकडे बोट दाखवले.