डोळ्याखालचा पडदा

चष्म्याचा नंबर वाढल्यापासून वरचा जबडा सोडवायचं काम माझी विद्यार्थिनी करते. सायनसचा कॅन्सर मुळात दुर्मीळ, त्यामुळे प्रत्येक केस तिला हवी असते. मी समोर उभा असतो. डोळ्याच्या खोबणीचा तळ आला की मात्र तिला थांबवतो.

तिथलं हाड कागदासारखं. ते गाठीने खाल्लं असलं तरी डोळा वाचू शकतो. निवाडा त्यावरच्या पडद्याचा, पेरिऑर्बिटाचा. पडदा सुटून आला तर डोळा राहतो. गाठ आतल्या चरबीत खोल शिरली असेल तर बहुधा जातो. मला छळते ती मधली अवस्था. पडदा एकाच जागी चिकटलेला, लालसर, ओढला तर येतो पण नाखुशीने. तेवढा तुकडा फ्रोझनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच होणाऱ्या तपासणीला, पाठवायचा आणि हात बांधून उभं राहायचं. फ्रोझनची सोय नसेल तर असा पेशंट मी टेबलावर घेतच नाही, पुण्याला नाहीतर मुंबईच्या टाटाला पाठवतो. ‘गरज पडल्यास डोळा’ या ओळीवर सही करताना पाथर्डीकडचा एक शेतकरी म्हणाला, “एका डोळ्यानं बी दारं धरता येतं, डॉक्टर. घाण तेवढी आत ठेवू नका.”

विद्यार्थिनी शिकली २०२१ मध्ये, करोनामागून आलेल्या काळ्या बुरशीच्या लाटेत. तिच्या पिढीचा हात जबड्यावर तेव्हाच बसला, पण सवयही तीच लागली. बुरशीत मेलेलं काढत जायचं, ताजं रक्त दिसलं की थांबायचं. कॅन्सरमध्ये रक्ताची साक्ष चालत नाही. गाठीभोवतीचा चांगला दिसणारा, भळभळणारा भागही घ्यावा लागतो. तिचा हात अजून रक्त पाहून थबकतो.

स्वीडनच्या ओंग्रेनने १९३३ मध्ये डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून खालच्या जबड्याच्या कोनापर्यंत रेघ कल्पिली; तिच्या वरची, मागची गाठ वाईट. सीटी, एमआरआय हाताशी असूनही मी ती रेघ मनात ओढतोच.

दुर्बिणीवाल्यांचे व्हिडिओ परिषदांत टाळ्या घेतात. निवडक गाठींना ती पद्धत उत्तम. गालात, टाळूत पसरलेल्या गाठीला चेहरा उघडावाच लागतो. हे बोलण्यात असूया आहे, कबूल. नाकाच्या कडेने ओठावर उतरणारा माझा व्रण पुढे शोधावा लागतो, हे मी सहकाऱ्यांना मुद्दाम दाखवतो. टाळूचं भोक बुजवणारा ऑब्च्युरेटर लावून पाणी पिताना ते नाकातून येतं का, ही चौकशी मागाहून.

डेंटिस्ट आणि फॅमिली डॉक्टरांना एकच विनंती. एकाच बाजूचं नाक चोंदतंय, शेंबडात रक्त आहे, गाल बधिर आहे, दाढ काढलेली जागा भरत नाही, असं दिसलं तर अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स लिहू नका. आधी स्कॅन, मग बायोप्सी. डोळा पुढे आल्यावर पाठवलेल्या पेशंटसाठी माझ्याकडे फारसे पर्याय उरत नाहीत.