पोळा फुटला

श्रावण सरत आला, की विदर्भातील शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. मृगाच्या पावसावर पेरलेली कपाशी तोवर चांगली वर आलेली असते. तासांतून डवरा चालवला तर तिच्या फांद्या मोडतात. म्हणून डवरे उचलून ठेवतात आणि दोन-तीन महिने जू वाहणारे बैलांचे खांदे मोकळे होतात. पिठोरी अमावास्येचा पोळा नेमका याच वेळी का येतो, हे शेतात पाऊल टाकल्यावाचून कळायचे नाही. सांगली-कोल्हापूरकडे हाच सण बेंदूर या नावाने आधीच होऊन गेलेला असतो.

आमचे गाव वर्धा जिल्ह्यातले. दावणीला बैल गवळाऊ जातीचे. रंगाने पांढरे, अंगाने सडसडीत आणि चालीला चपळ. त्यांतला सर्जा आता थकला होता. त्याचा जोडीदार राजा आदल्या उन्हाळ्यातच गेला होता. त्यात १९७२ चा पावसाळा कोरडा निघाला. कपाशी गुडघ्यालाही लागली नाही आणि कडब्याचा भाव मात्र चढत गेला. पोळ्याच्या आठ दिवस आधी एक व्यापारी सर्जाचे दात पाहून गेला आणि वीस रुपये विसार ठेवून गेला. सण झाला की तो बैल नेणार होता. बाबा घरात कोणाशी काही बोलले नाहीत. त्याच पैशांतून त्यांनी सालदारकाकांसाठी नवे धोतर आणले. पोळ्याला सालदाराला नवे वस्त्र द्यावे, अशी आमच्या घरची रीतच होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून ते ऊन पाण्याने शेकतात आणि कानाशी लागून त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. सालदारकाका सर्जाचा खांदा शेकत होते. जुवाने तेथे हाताएवढा घट्टा पडला होता. त्यांचा मुलगा आणि मी कंदील धरून उभे होतो. बाबांनी धोतर पुढे केले. काकांनी हात पुसले, ते कपाळाला लावले आणि तसेच घडी न मोडता ओसरीवर ठेवले.

“मालक, हे दुकानदाराला परत करा,” ते म्हणाले. “सर्जाच्या पैशाचं धोतर नेसून मी त्याच्यापुढं कसा चालू?”

विसाराची गोष्ट त्यांना कोठून कळली, कोण जाणे! आजोबा बाजेवरून एवढेच बोलले, “पोळ्याच्या तोंडावर दावणीचा बैल दाखवायचा नसतो.” बाबा उत्तर न देता आत निघून गेले. त्या रात्री आईने वाढलेले ताट त्यांनी तसेच सारले.

दुसऱ्या दिवशी ओढ्यात पाणी बेताचेच होते, तरी बैल न्हाले. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत की त्याला काठी लावत नाहीत. आम्ही मुलांनी शिंगांना हिंगूळ आणि बेगड लावले. काही गावांत डौलासाठी शिंगे साळून घेतात. आजोबांना ते मुळीच खपत नसे. शिंग म्हणजे काही लाकूड नव्हे, असे ते म्हणत आणि ते खरेच आहे. झूल, बाशिंग, घुंगुरमाळा, नवी वेसण असा सारा साज चढला. उरलेली जुनी झूल काकांनी सर्जाच्या पाठीवर घातली.

गावाच्या वेशीत आंब्याच्या पानांचे तोरण बांधले होते. त्याखाली जोड्या ओळीने उभ्या राहिल्या, झडत्यांची चढाओढ लागली. कोणी पावसाला हिणवले, कोणी सावकाराला. दुष्काळातही लोक पोट धरून हसले. सर्जा एकटाच ओळीच्या शेवटी उभा होता. त्याचा कासरा काकांच्या हातात होता आणि त्यांच्या अंगावर ठिगळाचे धोतर होते. तोरण तुटले, पोळा फुटला आणि बैल घरोघर निघाले. सर्जा सर्वांत शेवटी आमच्या दारी आला. आईने त्याच्या पायांवर पाणी घातले, कुंकू लावले आणि पुरणपोळी तोंडाशी धरली. पुरण त्या वर्षी गुळापुरतेच गोड होते. बाबा खांबाला टेकून पाहत होते.

दुसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा. आम्ही मुले लाकडी बैल ओढीत गल्लीतून फिरत होतो. तेवढ्यात तो व्यापारी दोर घेऊन आला. बाबांनी त्याच्या हातावर वीस रुपये ठेवले. तो बराच वेळ हुज्जत घालीत राहिला. पण बाबांनी गोठ्याचे दार उघडले नाही. कडब्यासाठी त्या हिवाळ्यात आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

सर्जा पुढे तीन पोळे जगला. तिसऱ्या पोळ्याला तो वेशीपर्यंत चालू शकला नाही. तोरण तुटल्यावर काकांनी त्यातली पाने आणून त्याच्या गोठ्याच्या दाराला बांधली. त्या दिवशी त्यांच्या अंगावर कोरे धोतर होते.