मोठ्या मुलांचं वाचन

नववीच्या वर्गात वाचता न येणारा मुलगा चटकन ओळखू येत नाही. इतक्या वर्षांत तो लपवायला शिकलेला असतो. फळ्यावरचं वळणदार अक्षरात उतरवून घेतो, वही टापटीप ठेवतो आणि धडा मोठ्याने वाचायची पाळी जवळ आली की पाणी प्यायला जातो. इगतपुरी तालुक्यात माध्यमिक वर्गांना मराठी शिकवताना अशी मुलं मला सतत भेटत आली. भाताच्या आवणीच्या चिखलात ती मोठ्यांच्या बरोबरीने राबतात, जंगलातलं झाडन् झाड ओळखतात, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतात. अडतात ती छापील ओळीपाशी.

ही मुलं थोडीथोडकी नाहीत. ग्रामीण शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या २०२३च्या पाहणीत देशातल्या निवडक ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या सुमारे २५ टक्के मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. आमच्याकडची कारणं डोळ्यांसमोर आहेत. पावसाळ्यात ओढे भरले की वाडीवरची मुलं शाळेत पोचत नाहीत. दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीची वाट धरतात आणि मुलंही सोबत जातात. घरात एक बोली, पुस्तकात दुसरीच भाषा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हा आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. मुलं शाळेत टिकली, हे फार मोलाचं झालं. पण मागे पडलेल्याला त्या त्या वर्षी हात देण्याचं काम पुष्कळ ठिकाणी राहून गेलं. म्हणून पुन्हा नापास करावं, असं मला वाटत नाही. जो धडा वाचता आला नाही, त्याच धड्यासमोर आणखी एक वर्ष बसवल्याने वाचन येत नाही.

येतं ते शेजारी बसून. विज्ञानाच्या पुस्तकातला ‘सूर्यप्रकाश’ हा शब्द एक मुलगी ‘सूयपकाश’ असा वाचत होती. तिला अक्षरं येत होती, काना-मात्रा येत होत्या. निसटत होता तो जोडाक्षरातला ‘र’. तो ‘सूर्य’मध्ये डोक्यावर चढतो, ‘प्रकाश’मध्ये पायाशी तिरपा होतो, ‘ट्रक’मध्ये छत्रीसारखा उघडतो आणि ‘दऱ्या’मध्ये आणखी निराळा दिसतो. कागदावर चार रकाने आखले. ‘गर्दी’, ‘प्रवासी’, ‘ट्रॅक्टर’, ‘कसाऱ्याचा घाट’ असे तिच्या रोजच्या बोलण्यातले शब्द तिनेच त्यांत भरले. मग तोच परिच्छेद आधी मी वाचला, नंतर दोघींनी मिळून आणि शेवटी तिने एकटीने. तेव्हा कुठे ‘वनस्पती अन्न कसं तयार करतात’ यावर तिने प्रश्न विचारला. अक्षरं जुळवण्यातच सगळी ताकद खर्च झाली की वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत अर्थ हातचा जातो. वाचन सुटं झालं की विचाराला जागा मिळते.

कसाऱ्याहून इगतपुरीकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून बँकर इंजिन जोडतात. ३७ फुटांना एक फूट असा तो चढ आहे. डबे तेच राहतात, मुक्कामाचं गाव तेच राहतं, घाटापुरता मागून जोर मिळतो. नववीतल्या मुलाला मदत अशी हवी. त्याचा वर्ग, त्याचे विषय, त्याचे सोबती सुटता कामा नयेत.

त्याच्या हाती पहिलीचं पुस्तक देणं तर मला क्रूरपणा वाटतो. शब्द सोपे असावेत, विषय मात्र चौदा वर्षांच्या मुलाच्या तोलाचा असावा: गावाजवळ दिसलेला बिबट्या, भावली धरणाचं पाणी, क्रिकेटचा सामना, जातीच्या दाखल्याचा अर्ज. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवलं, तेव्हा अख्खी मुळाक्षरं संपण्याची वाट पाहिली नाही. थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा हाती आली की लगेच अर्थाचे शब्द आणि वाक्यं. मोठ्या मुलांना तर ही वाट जास्तच मानवते, कारण सांगण्यासारखं त्यांच्याजवळ भरपूर असतं.

२०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या सरकारी अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं, हे ध्येय ठेवलं. ते योग्यच आहे. पण आज नववीत बसलेला मुलगा तिसरीत परत जाणार नाही. त्याच्यासाठी वेळापत्रकात रोजचा एक तास राखायला हवा आणि विज्ञान, इतिहास, भूगोल शिकवणाऱ्यांनीही आपापल्या विषयातला एक परिच्छेद रोज मुलांबरोबर वाचायला हवा. ‘वाचन हे प्राथमिकचं काम’ असं म्हणून आपल्याला मोकळं होता येणार नाही. शाळा सोडल्याचा दाखला हाती घेणाऱ्या प्रत्येक मुलाला निदान तो दाखला वाचता आला पाहिजे. ही जबाबदारी माध्यमिक शाळेचीच आहे.