उरलेली स्प्रिंग

मुलांनो, नाशिकजवळ सातपूरला मोटारींचा मोठा कारखाना आहे, हे तुम्हांला ठाऊक असेल. महिंद्रा कंपनीची 'स्कॉर्पिओ' २००२ साली नाशिकमध्येच तयार होऊ लागली. त्याच कंपनीने १९४७ मध्ये आपल्या देशात जीप जोडायला सुरुवात केली होती. माझ्या चाचांकडे अशीच एक जुनी जीप होती. तिचे स्टिअरिंग फार खडखडत असे. दांड्याच्या वरच्या टोकाचे बेअरिंग झिजले होते. एका रविवारी चाचांनी ते स्वतःच बदलायचे ठरवले.

त्या जीपचे स्टिअरिंग साधे होते. गोल चाकाखाली एका नळीत लांब दांडा. दांड्याच्या खालच्या टोकाला पेचासारखे आटे. ते फिरले की पुढची चाके वळतात. वरच्या टोकाला बारीक दाते असतात. त्यांवर गोल चाक बसवून नट आवळतात. हॉर्नची तार दांड्याच्या पोकळीतून वर येते.

चाचांनी आधी बॅटरीची तार काढली. एकेक भाग सुटेल तसा ते परातीत ठेवत गेले. "माझी परात परत मिळेल ना?" चाची दारातून विचारत होत्या.

उघडणे सोपे असते, घाम फुटतो तो जोडताना! गोल चाक एक दाता जरी चुकले, तरी गाडी सरळ धावताना ते वाकडे दिसते. म्हणून चाचांनी चाक नुसते दात्यांवर ठेवले, डावीकडे टोकापर्यंत फिरवले, मग उजवीकडे. फेरे मी मोजले. निम्म्यावर थांबून पुढची चाके सरळ आहेत ना, हे पाहिले आणि मगच नट आवळला. हॉर्न वाजला. सगळे खूश झाले.

पण परातीत एक लहानशी स्प्रिंग उरली होती.

"गाडी चालतेय ना? मग राहू द्या," शेजारी म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्हां सात जणांना लग्नासाठी मालेगावला जायचे होते.

चाचा म्हणाले, "उद्या राहूडच्या घाटात गाडीने विचारले, तर तिला काय सांगू?"

त्यांनी पुन्हा नट सोडवला. ती स्प्रिंग बेअरिंगला जागेवर दाबून धरणारी होती. ती नसती, तर नवे बेअरिंगही खडखडले असते. दिवेलागणीनंतर कंदिलाच्या उजेडात काम संपले.

आजच्या गाडीवर मात्र असा प्रयोग घरी करू नका. २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. ती स्टिअरिंगच्या चाकातच असते आणि चुकीच्या हाताळणीने अचानक फुटू शकते. ते काम शिकलेल्या कारागिराचेच.

सकाळी चाचांनी ईदगाह मैदानावर रिकामी जीप गोल गोल फिरवली, जोरात ब्रेक लावून पाहिले, आणि मगच आम्हांला बसू दिले. चांदवड मागे पडले. घाटातल्या वळणांवर मी चाचांच्या हातांकडे पाहत होतो. चाची मात्र मागच्या बाकावर गाढ झोपल्या होत्या.